पिवळ्या वेली, कोरडी बोअर आणि एकच डोकं

अग्रणीकाठ

आमचे आप्पा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. तासगाव तालुक्याच्या पूर्वेला, सावळजच्या पलीकडं त्यांची द्राक्षबाग. शिक्षण जुनी मॅट्रिक, पण कुणाच्या बागेत काही अडलं की लोक आधी त्यांना गाडीवर बसवून नेतात, सल्लागाराला फोन नंतर. त्यांच्या दोन गोष्टी सांगतो, मग प्रश्न विचारतो.

पहिली. बागेतला एक पट्टा पिवळा पडायला लागला. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. दुकानदार, सल्लागार, शेजारी, सगळ्यांचं एकच म्हणणं : लोह कमी पडतंय, फेरस सोडा. सोडलं. पानं जरा सुधारली आणि पुन्हा पिवळी. मग महागातलं चिलेटेड (मुळांना सहज उचलता यावं असं बांधलेलं लोह) झालं, त्याचीही तीच तऱ्हा. एका संध्याकाळी आप्पा मोटर बघायला शेततळ्याच्या बांधावर चढले आणि तिथंच उभे राहिले. वरनं दिसत होतं की पिवळा पट्टा ओळीच्या दिशेनं चाललेलाच नाही. तो ओळींना तिरका कापत तळ्यापासनं थेट रस्त्याला भिडतोय, आणि त्याची रुंदी शेवटपर्यंत सारखी. खाली उतरून काकींना म्हणाले, "वेली पिवळ्या न्हाईत, जेसीबीची वाट पिवळी हाय."

तळं खोदलं तेव्हा तिथं बाग नव्हती. खालनं निघालेली पांढरी चुनखडीची माती त्या वाटेवर टाकून ट्रॅक्टरला रस्ता केला होता. पुढं सगळं नांगरून बाग लावली आणि वाट सगळेच विसरले. मातीत लोह होतं, पण चुन्यामुळं ते मुळांना उचलता येत नव्हतं. आप्पांनी ठिबक धुवायचं ॲसिड घेतलं, पिवळ्या जागेतली मूठभर माती आणि हिरव्या जागेतली मूठभर माती शेजारी शेजारी ठेवली, दोन्हींवर थेंब टाकले. एक फसफसली, दुसरी गप्प. दोन्हीकडची माती घेतली, हे लक्षात ठेवा.

दुसरी. उन्हाळ्यात तळं तळाला गेलं. टँकर परवडेना, बोअर पाडायचं ठरलं. पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी सांगणारा, आला, तळहातावर नारळ ठेवून बांधाबांधानं फिरला आणि एका ठिकाणी नारळ उभा राहिला. मग आप्पांनी स्वतः नारळ हातावर घेतला, त्यांच्याही हातावर उभा राहिला. झालं. रात्री गाडी लागली. तीनशे फुटांपर्यंत राखाडी भुकटी, मग जराशी ओल, मग परत कोरडा धुरळा. गाडीवाला थांबू का म्हणाला की आप्पा म्हणायचे, "अजून शंभर घाल, ओल दिसली ती उगाच न्हाई." सातशेला थांबले. पाणी नाही. दुसऱ्या दिवशी कारणं सुरू झाली. गाडीवाल्यानं खुणेपासनं दोन फूट सरकवून लावली. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप) कमी घातलं. वरच्या शेजाऱ्यानं खोल बोअर पाडून झरा तोडला. आठवड्याभरात जागा बरोबरच होती हे घरात सगळ्यांना पटलं. आता पुढच्या बोअरलाही तोच पाणाड्या ठरलाय.

प्रश्न असा. माणूस तोच, डोकं तेच. चुनखडीच्या वेळी दोन्हीकडची माती घेतली, बोअरच्या वेळी का नाही? मी विचारलं तर म्हणाले, "तळ्यावर जसं लख्ख दिसलं, तसंच इथं बी दिसलं की." यातच गोम आहे असं मला वाटतं. खरं सुचलेलं आणि स्वतःला पटवून घेतलेलं, दोन्ही आतनं सारखंच लागतं. मग फरक कशावरनं ओळखायचा?

भडंगवाला

मस्त लिहिलंय. जेसीबीची वाट तर भारीच. आप्पांना दंडवत (बोअर सोडून).

विश्रामबाग

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळं हा धागा आयताच हाती आला. आधी एक खेळ. माझ्या मनात तीन आकड्यांचा एक नियम आहे. २, ४, ६ त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे द्या, मी हो किंवा नाही सांगेन. खात्री झाली की नियम सांगा.

भडंगवाला

८, १०, १२

विश्रामबाग

हो.

गावभागकर

२०, २२, २४

विश्रामबाग

हो.

भडंगवाला

१०२, १०४, १०६. सोप्पंय ओ. दोन-दोननं वाढणारे सम आकडे. बक्षीस पाठवा.

विश्रामबाग

१०२-१०४-१०६ ला हो. पण नियम तो नाही.

भडंगवाला

आँ? मग १, ३, ५.

विश्रामबाग

हो.

भडंगवाला

मग दोननं वाढणारे कुठलेही! आता नाही म्हणू नका.

विश्रामबाग

नाही.

काजळवाट

६, ४, २

विश्रामबाग

हे नाही बसत. आता कुठं गाडी रुळावर आली.

काजळवाट

१, २, ९९?

विश्रामबाग

हो.

काजळवाट

मग नुसते चढत्या क्रमानं. बाकी काही नाही.

विश्रामबाग

बरोबर. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं १९६० साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. बहुतेक लोक भडंगवाल्यांसारखंच करतात : डोक्यात एक नियम बसला की त्यात बसणारेच आकडे देत राहतात आणि प्रत्येक 'हो' बरोबर खात्री वाढते. यात लबाडी नाही की मठ्ठपणा नाही. 'नाही' येईल असा प्रश्न विचारायचं सुचतच नाही, एवढंच.

आता नारळाकडं या. पाणाड्या शेतभर फिरतो, नारळ एका जागी उभा राहतो, बाकी सगळीकडं आडवा. म्हणजे त्याचे दावे दोन झाले : इथं पाणी आहे, आणि तिथं नाही. 'नारळ आडवा राहिला तिथंच पाडून बघू' असं तुमच्या पंचक्रोशीत कुणी केलंय? आप्पांनी हिरव्या जागेतली माती घेतली होती, तसं.

कवठ्याचा_दाजी

मॅडम, तुमचा खेळ झ्याक हाय, पर आकडं फुकट असत्यात. बोअरला फुटाला पैसं मोजावं लागत्यात. न्हाई म्हणलेल्या जागी पाडणारा येडा आमच्या तालुक्यात तरी जन्माला आला न्हाई. आणि आमच्या आज्यानं पाणाड्यानं दावल्याली हिर खांदली ती अजून बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगती. तवा उगं शानपना नको.

अग्रणीकाठ

दाजी, फुटाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. चुनखडीला दोन थेंब ॲसिड लागलं, बोअरला लाखाच्या घरात खर्च. पण म्हणूनच मला वाटतं की नुसता पैसा नाही. माती फसफसली काय आणि नाही काय, आप्पांना दोन्ही उत्तरं चालणार होती. बोअरच्या बाबतीत गाडी यायच्या आधीच त्यांना 'हो' हवं होतं. बाग वाळत होती, पोराचं लग्न तोंडावर होतं.

मुरूम_मांजऱ्या

निवृत्त भूवैज्ञानिक. उभं आयुष्य जत, आटपाडी, कवठेमहांकाळ याच पट्ट्यात गेलं. दाजींच्या आज्याची विहीर खरी आहे, आणि त्याचं कारणही साधं आहे.

आपल्याकडचा काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात (म्हणजे मऊ, सच्छिद्र खडकात), भेगांत आणि लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात. विहीर वीस-पंचवीस फूट रुंद. ओढ्याच्या अंगाला, सखल जागी एवढा मोठा खड्डा वरच्या चाळीस-पन्नास फुटांत काढला तर कुठली ना कुठली पाझरणारी जागा त्यात सापडतेच. त्या काळात पाणाड्या बऱ्याचदा बरोबर यायचा, कारण चुकणंच अवघड होतं. बोअर म्हणजे साडेसहा इंचाचं भोक. भेग मिळाली तर दोन इंची धार, हातभर हुकली तर नुसता धुरळा. जुन्या विहिरींच्या यशावर कमावलेली पत आता बोअरवर खर्च होतेय.

आणि आप्पांच्या 'अजून शंभर घाल' बद्दल. पाषाणात जसजसं खाली जावं तशा भेगा साधारणपणे कमी आणि बारीक होत जातात. तीनशेला ओल दिसून थांबली म्हणजे चारशेला पाणी जवळ आलं असं नसतं. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात सरकारनं अधिसूचित केलेल्या क्षेत्रात ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढं जायला मनाई आहे, हे गाडीवाले सांगत नाहीत, कारण त्यांचं बिल फुटावर.

मात्र पाणाड्याला सरसकट भोंदू म्हणणं मला जमत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अख्खा अध्याय आहे : कुठलं झाड, वारूळ कुठल्या बाजूला, तिथनं किती अंतरावर, किती खोल पाणी. त्यातलं सगळं खरं नाही, पण जमीन वाचायची सवय खरी आहे. आयुष्यभर शिवारात फिरलेला माणूस उतार, उंबर, हिरवळ, मातीचा रंग बघतच असतो. डोळ्यांनी घेतलेलं हातात उतरतं आणि तो म्हणतो, नारळानं सांगितलं.

तंबोरा

वरच्या शेवटच्या वाक्यासाठी एक जुना किस्सा. १८५३ साली इंग्लंडात टेबल फिरवण्याचं वेड आलं होतं. पाच-सहा जण गोल टेबलावर हात ठेवून बसायचे आणि थोड्या वेळानं टेबल सरकायला लागायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. वीज म्हटल्यावर लोक विजेचा शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे याच्याकडं गेले. त्यानं बसणाऱ्यांना खोटं ठरवलं नाही, उलट सचोटीचीच माणसं निवडली.

मग त्यानं पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचले, मध्ये मऊ चिकट मिश्रणाच्या गोळ्या लावल्या, आणि ही चळत टेबल आणि हात यांच्या मध्ये ठेवली. टेबल हात ओढत असेल तर खालचे पुठ्ठे आधी सरकायला हवेत. सरकले वरचे, हाताकडचे. म्हणजे हातच टेबल ढकलत होते आणि हातवाल्यांना पत्ता नव्हता. इथपर्यंत ठीक. खरी मजा पुढं आहे. त्यानं एक हलकी काडी तरफेसारखी बसवली. हात कणभर जरी एका बाजूला रेटला तरी काडी झुकायची. ती झाकलेली असताना टेबल फिरायचं. बसणाऱ्यांना ती दिसू लागली की टेबल जागचं हलेना.

कुणी उपदेश केला नाही, कुणाला मूर्ख म्हटलं नाही. आपलाच हात आपल्याला दिसला, एवढंच झालं. धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर ही काडी.

भडंगवाला

काडी आवडली. पण बोअरला ही काडी लावायची कुठं?

जर्मन_जावई

म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये असलाच प्रयोग झालाय, सरकारी पैशातून. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून इकडंतिकडं हलवायचे, वरच्या मजल्यावर पाणाड्यांनी जागा सांगायची. पाचशेच्या आसपास लोकांतून ४३ निवडले. प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं की थोडे जण अस्सल निघाले. तेच आकडे पुढं जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं तपासले, तर ते थोडे जण म्हणजे नशिबानं लागलेले मटके होते. त्यांनाच पुन्हा बसवलं तेव्हा तसं जमलं नव्हतं.

मुरूम_मांजऱ्या

कोठारात उतार नाही, उंबर नाही, वारूळ नाही. पाणाड्याकडं खरं जे काय असेल ते दाराबाहेर ठेवूनच परीक्षा घेतली की. नारळ नापास झाला हे मान्य. माणूस नापास झाला असं म्हणता येत नाही.

जर्मन_जावई

हा मुद्दा बिनतोड आहे. घेतला.

गावभागकर

थोडं अवांतर, पण विषय हाच. आमच्या घराच्या जिन्याजवळ २००५ च्या पुराची रेघ आहे. त्या साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढत होतं तेव्हा आख्खी गल्ली त्या रेघेच्या हिशेबानं सामान हलवत होती. फ्रिज रेघेच्या वर टेबलावर, गाद्या माळ्यावर, म्हातारी माणसं वरच्या खोलीत. पाणी रेघेपाशी आलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "आता उतरंल बघा, मागच्याला हितंच थांबलंतं." ५७ च्या वर गेलं. बोटीतनं निघालो.

२०२१ ला ५५ च्या आसपास आलं तेव्हा मात्र गल्ली आधीच रिकामी होती. तेव्हा 'एकदा तरी हुकलं' हा अनुभव उपयोगी पडतो असं म्हणायला जागा आहे. तरी नवीन दुकानांचे ओटे २०१९ च्या रेघेच्या जेमतेम वर बांधलेत. रेघ बदलली, हिशेब तोच.

विश्रामबाग

गावभागकर, हे अवांतर नाही. रेघ म्हणजे एकदा मिळालेला 'हो'.

आता मूळ प्रश्न, आतनं सारखंच का लागतं? एक, जॅनेट मेटकाफ यांनी १९८६ मध्ये लोकांना कोडी देऊन थोड्या थोड्या वेळानं विचारलं की उत्तराच्या किती जवळ आल्यासारखं वाटतंय. एकदम सुटणाऱ्या कोड्यांत, ज्यांना 'जवळ आलो, जवळ आलो' असं वाटत गेलं त्यांचं उत्तर चुकायचीच शक्यता जास्त निघाली. ज्यांना शेवटपर्यंत काहीच वाटत नव्हतं आणि मग अचानक सुचलं, ते बरोबर यायचे. आप्पांची 'अजून शंभर' आणि तळ्याचा बांध, दोन्ही यात बसतात.

पण अचानक सुचलं म्हणजे खरंच, असंही नाही. २०२० मध्ये लॉकोनेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही विधानं वाचायला दिली, त्यातला एक शब्द अक्षरं उलटसुलट करून. शब्द सोडवताना ज्यांना 'हां, सापडलं' असं झालं त्यांना ते विधानच जास्त खरं वाटू लागलं. आनंद झाला शब्द सुटल्याचा आणि तो जाऊन चिकटला भलत्यालाच. नारळ स्वतःच्या हातावर उभा राहिला की आप्पांना जे वाटलं असेल ते याच जातीचं.

तिसरं मला सगळ्यात आवडतं. क्वाट्रोन आणि ट्वर्स्की, १९८४. विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. मग थोडा व्यायाम. मग काहींना सांगितलं, व्यायामानंतर हात जास्त वेळ धरता आला तर हृदय दणकट. काहींना नेमकं उलटं सांगितलं. पुन्हा हात पाण्यात घातल्यावर पहिल्यांनी जास्त वेळ धरला, दुसऱ्यांनी लवकर काढला. मुद्दाम केलंत का असं विचारल्यावर बहुतेक जण नाही म्हणाले. आणि जे नाही म्हणाले त्यांनाच आपलं हृदय दणकट असल्याची जास्त खात्री होती.

कवठ्याचा_दाजी

हे मातर पटलं. आमच्यात बेदाण्याचा दर वाढंल म्हणून माल शेडात ठिवल्याली माणसं अशीच. दर पडला की म्हणत्यात आमी कुठं वाट बगत हुतो, गिऱ्हाईकच आलं न्हवतं.

काजळवाट

फुटाचा खर्च न करता 'नाही' तपासता येईल. पाडलेल्या बोअर आहेतच की. आप्पांच्या शिवारात आणि भावकीच्या रानात चालू, अर्धवट, कोरड्या मिळून किती तरी असतील. प्रत्येकीवर मातीची पाटी किंवा कडबा टाकून झाका. मध्ये मध्ये बोअर नसलेल्या जागाही तशाच झाका. दुसऱ्या गावचा पाणाड्या आणा, प्रत्येक ठिकाणी नारळ धरायला सांगा, त्यानं क्रम लावायचा. कुठल्या बोअरला किती पाणी हे एकाच माणसाला माहीत असावं, आणि तो त्या दिवशी तासगावला बाजाराला गेलेला असावा.

तंबोरा

बाजाराला पाठवायचं फार महत्त्वाचं. बर्लिनला गणित करणारा हान्स नावाचा घोडा होता. टाप आपटून बेरजा करायचा. १९०७ मध्ये ओस्कर फुंग्स्टनं दाखवलं की विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही. घोडा समोरच्याची मान बघत होता, आणि मालकाला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की आपली मान हलते. आप्पा पाणाड्यासोबत फिरले तर त्यांचा चेहराच सगळं सांगेल.

मुरूम_मांजऱ्या

केबल, स्टार्टरची पेटी, ओली सरी, सगळं झाका. आणि आणखी एक करा. दाजींसारखा एखादा जुना माणूस नारळाशिवाय नुसता फिरवा आणि त्यालाही क्रम लावू द्या. पाणाड्याचा आणि त्याचा क्रम सारखाच आला तर पाणी नारळाला नाही, डोळ्याला दिसतं.

कवठ्याचा_दाजी

मी येतो. जेवाण द्या म्हंजी झालं.

अग्रणीकाठ

काल रात्री आप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. फॅरडेच्या काडीला हसले. भडंगवाल्यांच्या १०२-१०४-१०६ ला जास्त हसले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. काकींनी ताटं घेतली. जेवता जेवता म्हणाले, "करू. पर एक अट हाय. तुमच्या सायबाचं ते करंट सोडून पाणी बघायचं मशीन असतंय, त्येची बी परीक्षा त्याच दिवशी, त्याच बोअरांवर. त्येनं सुदा आमच्या गावात कोरड्या दिल्यात. नारळ तेवढा नागडा करायचा आणि मशीनला आहेर, हे न्हाई चालायचं."

भडंगवाला

आप्पा १, धागा ०.

मुरूम_मांजऱ्या

आप्पांची अट मंजूर. त्या मशीनचं रोधकता मापन (जमीन करंटला किती अडवते ते मोजणं) सुद्धा पाषाणात हुकतं, विशेषतः उभ्या भेगा बारीक असतील तर. किती हुकतं ते मलाही बघायचंय. यंत्र माझ्या ओळखीच्या एकाकडनं आणतो. फक्त मला आधी कुणी सांगू नका कुठल्या बोअरला किती पाणी आहे, आणि आप्पांना माझ्यासोबतही फिरू देऊ नका. केसिंग लोखंडी असेल तर त्याचा परिणाम यंत्रावर होतो, म्हणून झाकलेल्या खोट्या जागांमध्ये एक-दोन ठिकाणी जुना लोखंडी पाइप पुरून ठेवा.

काजळवाट

पाइप पुरणारा माणूस पण बाजाराला.

अग्रणीकाठ

ठरलं. गणपती उठले की लगेच करू. एकदा ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आप्पा कुणाच्याच हाती लागायचे नाहीत. येणाऱ्यांनी विपू (विचारपूस, म्हणजे मला निरोप) करा, म्हणजे जेवणाचा आकडा काकींना सांगता येईल.